गणिताचा कौल

नव्वदच्या दशकात आमच्या हुबळीच्या कॉलेजात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बायॉलॉजीबरोबर गणितही जादा विषय म्हणून घेता येत असे. मला ते हवंच होतं. डॉक्टर व्हायचं स्वप्न घरच्यांचं. माझा जीव गणितात. ते घेतलं तरच इंजिनियरिंगची वाट उघडी राहणार होती.

अडचण एकच होती आणि ती दिवसभर खाटेवर लोळत असायची. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पीयूसीच्या गणितात आपटला होता. त्याच्यासमोर गणिताचं नाव काढायचं नाही, असा आईचा दंडक. मयताच्या घरीसुद्धा इतकं सुतक पाळत नाहीत. मी विषय काढला तेव्हा आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू पास झालीस तर त्यानं तोंड कुठं दाखवायचं गं? सुम्म बस."

मी कसली गप्प बसतेय! अप्पांच्या मागं लागले. अप्पा, म्हणजे माझे वडील, गोकुळ रोडवरच्या कारखान्यात फिटर. यंत्रांना घाबरायचे नाहीत, आईला घाबरायचे. त्यांनी घराण्याचा ठरलेला उपाय काढला, देवीला विचारू. जमीन, लग्न, म्हैस, सगळं आमच्याकडं देवीच ठरवायची. मग गणितानंच काय पाप केलं होतं?

अळणावरजवळच्या आमच्या गावी गेलो. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "पोरीनं गणित घ्यावं काय, आई?" त्यानं गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पडली. मला रडूच फुटलं. अप्पा माझ्या पाठीवरून हात फिरवू लागले.

आई मात्र जागची उठली नाही. गुरवाला म्हणाली, "परत लावा. आता असं विचारा, हिनं गणित घेतलं तर माझ्या लेकराचं वाटोळं होईल काय?"

पुन्हा उजवीच पडली. दार उजव्या अंगाला होतं, वारा तिकडून यायचा, त्या बाजूची पाकळी आधी सुकायची. हे मला तिथं बसल्या बसल्या दिसत होतं, पण देवळात ते बोलायची छाती कुणाची? मी अप्पांकडं पाहिलं. ते घंटेकडं पाहत होते.

"देवीनं तुला घे म्हटलंय की," आई माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाली. "घे. भावाला मातीत घाल आणि घे."

मला आईचा राग आला, अप्पांचा आला, त्या दगडी बाईचाही आला. सोमवारी कॉलेजात जाऊन मी गणित नको म्हणून सांगितलं.

अण्णानं परत परीक्षा दिली आणि परत आपटला. निकाल ऐकून आई स्वयंपाकघरात आली. मला वाटलं, आता तरी माझ्या डोक्यावर हात ठेवेल.

"मनातनं सोडलं नसशील तू," ती म्हणाली.