पुसली गेलेली सोनेरी अक्षरं

ओमानमधल्या सीबच्या जुन्या सूकजवळच्या, म्हणजे बाजाराजवळच्या, एका सलूनमध्ये धनंजय बावीस वर्षं दाढ्या करतो आहे. मूळचा संगमेश्वरकडचा. गिऱ्हाइकासाठी तो दर वेळी नवं ब्लेड वापरतो; जुने वस्तरे तो फक्त जमवतो. आजवर एकतीस झाले. पात्याच्या मागच्या निमुळत्या भागावर कारखान्याचा शिक्का असतो, तो पाहून तो वस्तऱ्याचं वय सांगतो. शिक्क्यात देशाचं नाव नसेल, तर वस्तरा बहुधा १८९०च्या आधीचा.

म्हणूनच सालेम या जुन्या ओमानी गिऱ्हाइकाने आजोबांचा वस्तरा त्याच्याकडे ठेवला. आजोबांनी तो झांजिबारहून आणलेला. तो घडवला कोणी, एवढंच सालेमला हवं होतं.

शिक्क्यात मुकुट आणि 'शेफील्ड' हे इंग्लंडमधल्या पात्यांच्या गावाचं नाव, एवढंच निघालं. कारागिराचं नाव पात्यावर, गंजाखाली, सोनेरी अक्षरांत होतं. असली अक्षरं तेलाच्या बोळ्याने अलगद मोकळी करायची, हे धनंजयला पक्कं ठाऊक. पण बोथट पातं त्याच्या हाताला सोसवत नाही. त्याने पॉलिश लावलं, चामड्यावर घासलं. पातं आरशासारखं लखलखलं आणि अक्षरं फडक्यावर आली.

सालेम शुक्रवारी तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजानंतर येणार होता. दुपारपासून धनंजयने दोघा गिऱ्हाइकांचे कल्ले वरखाली कापले.

"एवढा कशाला घाबरतोस?" शेजारच्या खुर्चीवर काम करणारा दापोलीचा मुजम्मिल म्हणाला. "शेफील्डची वीस नावं तुला तोंडपाठ. दे एक ठोकून. सालेम अर्बाब काय इंग्लंडला विचारायला जाणाराय?"

"आणि त्याने ते घरात सगळ्यांना सांगितलं तर?"

"तर घरातले ऐकतील. तू दाढी कर."

नमाज आटोपून सालेम आला. "नाम मिला?"

एक नाव धनंजयच्या जिभेवर तयार होतं. पण खोटं नाव एकदा चिकटलं की वस्तरा कायमचा खोटा होतो. तसले तीन त्याने स्वतः फसून विकत घेतले होते.

"शेफील्ड का है. सवासौ साल से ऊपर. नाम लिखा था, मेरे हाथ से मिट गया."

सालेमने पातं ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं. "पढ़ा था?"

"पहला अक्षर. जे."

"उसके बाद?"

"मालूम नहीं."

"खलास," सालेम म्हणाला. वस्तरा रुमालात गुंडाळून त्याने खिशात ठेवला. दाढी करायची होतीच. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो मुजम्मिलच्या खुर्चीत जाऊन बसला.