माझ्या नावाचं गाऱ्हाणं

शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते. आमच्या अंगणात ती टेकली की हिने, म्हणजे माझ्या बायकोने, देवीची ओटी भरायची, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्या गडीमाणसांनी त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लग्न झाल्यापासून आमच्या घरचं गाऱ्हाणं एकच असायचं : "ह्या सुनेची कूस उजव." सगळी वाडी 'व्हय' म्हणायची, जणू खोट हिच्यातच आहे हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मीही म्हणायचो, चांगला मोठ्याने.

मग एका वर्षी शिमग्याच्या आधी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मला तपासलं. तोवर तपासण्या फक्त हिच्या. ते म्हणाले, "तुमच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला लागतात, पण पुरे वाढत नाहीत. मध्येच थांबतात." माझी आंब्याची बाग आहे म्हटल्यावर त्यांनी मोहोराचं उदाहरण दिलं. येतो, पण फळ धरत नाही. मला संताप आला. कलमाला निदान फवारणी तरी असते! मग आम्ही मांडवीच्या समुद्रावर जाऊन बसलो. मला रडू आवरेना. ही म्हणाली, "आईंना सांगू नका. मला बोलणी खायची सवय झालीय."

आणि पालखी आली. आई गुरवाला म्हणाली, "सुनेचा गाऱ्हाना घाल." माझं डोकंच फिरलं.

"तिचं नको, माझं घाला. खोट माझ्यात आहे."

ढोल थांबला. आई पडवीत मटकन बसली. गुरवाची हयात गाऱ्हाणी घालण्यात गेली होती, पण पुरुषासाठी असलं गाऱ्हाणं त्याने कधी घातलं नव्हतं. पालखीपुढे हात जोडून चाचपडत म्हणाला, "आई, ह्या तुझ्या लेकरात जी काय उणीव असंल, ती भरून काढ." दोघे-चौघे पुटपुटले, "व्हय म्हाराजा." बाकीचे खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले.

उणीव काही भरून निघाली नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी अंडकोशात सुई घालून शोधलं, तिथेही पूर्ण वाढलेला शुक्राणू मिळाला नाही. वाडीत हिला बोलणं थांबलं, पण लोक मला टाळायला लागले. बारशाचं बोलावणं आता आईला एकटीलाच येतं.

यंदा पालखी टेकली तेव्हा गुरवाने घसा खाकरला आणि आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "आता पोर मागू नको. ह्या दोघांना एकमेकांपासून तोडू नको, इतकाच म्हन."

आशा संपली हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

आमच्या अंगणात बायका कधी 'व्हय' म्हणत नाहीत. ओटीचं तबक हातात धरून ही पुढे आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हय म्हाराजा."