अफ्राच्या तळघरातलं पिंप

अफ्रा म्हणजे फाटक्या तोंडाची बाई. पाद्र्यालासुद्धा ऐकवायची. पण बिअरचा विषय निघाला की गप्प. ते काम नवऱ्याचं, वेन्झलचं.

आमच्या गावात बिअर शिजते गावाच्या भट्टीत, लाकडाच्या जाळावर. फसफसते मात्र ज्याच्या त्याच्या तळघरात. फेस बसायला लागला आणि थोडासा गोडवा उरला, की ती पिंपात भरून बूच ठोकायचं. त्या उरलेल्या गोडव्यावरच ती आतल्या आत जोर धरते. ती वेळ वेन्झलला नुसत्या वासावरून कळायची. बिअर तयार झाली की ज्या घराची पाळी त्यानं दारावर सहा टोकांचा लाकडी तारा टांगायचा आणि सगळं गाव त्या घरी प्यायला बसायचं.

नेमक्या बूच ठोकायच्या दिवसांत वेन्झल अंथरुणाला खिळला आणि गेला. अफ्रा त्याच्या उशाशी होती, तळघरात कोण उतरणार? माती देऊन आल्यावर तिनं पिंप भरलं, बूचही ठोकलं. पण गोडवा तोवर संपला होता. तारा टांगायची पाळी जवळ आली तेव्हा तिनं पेलाभर काढून पाहिली. ना फेस, ना बुडबुडा.

"बघ गं रोझल," पेला माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "त्याच्या हातची शेवटची बिअर. मारली मी."

साखर टाकायचं आमच्याकडे कुणी नावही काढत नाही. उपाय एकच, दुसऱ्या घरची ऐन फसफसती बिअर त्यात ओतायची. आणि तेव्हा गावात फसफसत होती फक्त आमची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, गिर्गलची. झालं! 'गिर्गल जाळ सांभाळत नाही, त्याची बिअर करपट लागते,' असं वेन्झल एकदा चारचौघांत बोलला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. गिर्गल तर वेन्झलच्या मातीलासुद्धा दफनभूमीच्या कुंपणाबाहेर उभा राहिला, आडमुठा कुठला!

अफ्रा सरळ आमच्या स्वयंपाकघरात आली. बसलीही नाही.

"गिर्गल, बादलीभर बिअर दे. फसफसती."

"माझी करपट बिअर? वेन्झलला चालेल का ती?"

"विचारून आले असते रे. पण आता फार लांब राहायला गेलाय तो."

गिर्गल खाली मान घालून ब्रेडचे तुकडे करत बसला. माझं डोकं सटकलं. "देतोस का ओतू तुझ्याच डोक्यावर?" मी म्हटलं.

उठला बिचारा. बादली अफ्राच्या हाती दिली नाही, स्वतः घेऊन तिच्या तळघरात उतरला. वेन्झलच्या निपचित बिअरमध्ये आपली ओतली, बूच ठोकलं आणि परत आला.

मग सुरू झालं थांबणं. अफ्रा रोज पिंपाला कान लावायची, मीही लावायचे. काहीच नाही. गिर्गल 'तळघरातला दिवा चालू राहिला का बघतो' म्हणून यायचा. दिवा कसला, पिंपाभोवती घुटमळायचा! आणि एके सकाळी बुचाच्या कडेनं अगदी बारीक आवाज आला, सुस्स. माझ्या अंगावर काटा आला. कुणी हवा भरली नाही, कुणी फुंकर घातली नाही. बंद काळोखात, थंडीत, ती आपली आपण जिवंत होत होती. आयुष्य या गावात गेलं माझं, पण असं तोंडात बोट घालून मी कधी उभी राहिले नव्हते. अफ्रा पिंपाला मिठी मारून रडली.

तारा टांगायच्या दिवशी तिनं तो गिर्गलच्या हाती दिला. "घरात पुरुष नाही. टांग तूच."

पहिला पेला तिनं टेबलावर, वेन्झलच्या रिकाम्या जागेपुढे ठेवला. फेस असा चढला की कडेच्या वर टोपीसारखा उभा राहिला. दुसरा गिर्गलला दिला. त्यानं घोट घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही.

त्या पहिल्या पेल्यात फेस हळूहळू तडतडत होता.

"ऐक," अफ्रा म्हणाली. "बोलतोय."

गिर्गल वाकला. भरल्या घरात त्यानं पेल्याला कान लावला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"करपट नाही म्हणतोय."