पाहुण्यांपासून लपवलेली थैली

दुसऱ्या सीझरनंतर आमच्या अक्काची लघवी आपोआप गळायला लागली. खोकली तरी, नुसती उठली तरी. घरात सगळे म्हणायचे, बाळंतपणाची कमजोरी हाय, जाईल. वर्षभर ती कुणाच्या गादीवर बसली न्हाय. शेवटी सोलापूरच्या डॉक्टर म्याडमनी तपासून सांगितलं, मूत्राशय आणि गर्भाशयाच्या मधी भोक पडलंय. पोट फाडायचं न्हाय, बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीनं शिवायचं.

शिवलं, लघवीला नळी आणि थैली लावली. मग म्याडमनी एकच गोष्ट तीनदा सांगितली, "नळीतून लघवी थैलीत पडत राहिली पाहिजे. मूत्राशय फुगलं की टाके तुटतील. मग सगळं परत पहिल्यापासून."

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्काची सासू आणि जाऊ दुधनीहून बघायला आल्या. कुणी गप्प बसलं की माझं तोंड शिवशिवतं, म्हणून मी म्याडमची नक्कल सुरू केली. चष्मा नाकाच्या टोकावर, मान वाकडी, "पेशंटने हसायचं नाही, नातेवाईकांनी रडायचं नाही." सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

अक्का हसंना. कपाळावर घाम. मला वाटलं नक्कल फसली, म्हणून अजून जोर लावला, सिस्टरची पण केली. तिनं माझं मनगट धरून जवळ ओढलं.

"पोट फुटतंय गं."

"मग सांगत का न्हाईस?"

तिनं सासूकडं बघितलं आणि पांघरूण अजून वर ओढलं.

मी पलंगाखाली वाकले. पलंगाच्या हुकाला अडकवलेली थैलीच न्हवती. पांघरूण उचललं तर थैली तिच्या मांडीशेजारी, नळी दुमडून गादीखाली दाबलेली. पाहुण्यांना लघवी दिसू नये म्हणून आईनं नीट झाकून ठेवली होती.

सिस्टरनं नळी सरळ केली. लघवी धो धो आली, लालसर.

"किती वेळ असं होतं?"

"ह्या आल्या तवापासून," आई म्हणाली.

"आमी काय थैली बघायला आलो व्हतो व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "झाकलं कशाला ओ?"

म्याडम म्हणाल्या, टाके राहिले का गेले, ते नळी काढायच्या दिवशीच कळेल. तीन आठवडे. तेवढे दिवस आईनं अक्काच्या डोळ्याला डोळा दिला न्हाय. मी तासातासाला थैलीवरच्या मापाच्या रेघा बघायचे.

नळी काढायच्या दिवशी आई तपासायच्या खोलीत आलीच न्हाय. म्याडमनी मूत्राशयात निळं पाणी भरलं, खालून अंगात पांढरी पट्टी ठेवली. पट्टी निळी झाली तर टाके गेले. म्याडमनी पट्टी काढली. पांढरी.

"दुसरी बाजू दाखवा," अक्का म्हणाली.

दाखवली.

"परत एकदा भरा की."

परत भरलं, नवी पट्टी ठेवली, काढली.

मी बाहेर येऊन आईला सांगितलं, पांढरी निघाली, परत भरून बघितलं.

"परत भरलं तवा पण?"

"तवा पण."

बाकडं रिकामं असून आई तिथंच फरशीवर बसली.