दिराच्या उंचीचं स्टेअरिंग

नवरा जांभळीवरून पडला आणि त्याचा डावा गुडघा कायमचा आखडला. क्लच दाबता येईना. दारात जुनी पिकअप उभी होती. ती विकायला लागू नये म्हणून त्याने मला चालवायला शिकवलं. मी माळावर गाडी फिरवायचे आणि तो बाजेवर बसून ओरडायचा, "ब्रेक नाय गो, क्लच दाब, क्लच!"

लायसन्स निघालं आणि मी किन्हवलीकडची भेंडी-काकडी शहापूरच्या बाजारात न्यायला लागले. एसटीत कंडक्टर करंड्या घेऊ द्यायचा नाही, म्हणून गावातल्या बाया करंड्यांसकट माझ्या गाडीत बसायच्या. मी चणीने लहान. पण त्या गाडीचं स्टेअरिंग वरखाली करता यायचं. खिट्टी ओढायची, हवं तेवढं खाली घ्यायचं, खिट्टी सोडायची. मी ते बरंच खाली घेऊन बसायचे.

पुढे ते ढिलं झालं. खड्डा आला की हातात डुगडुगायचं. एका सकाळी सरळगावहून येताना खिट्टी सुटली आणि स्टेअरिंग धपकन माझ्या मांड्यांवर पडलं. गाडी कशीबशी कडेला घेतली. मागे बाया किंचाळल्या. एकीच्या कपाळाला खोक पडली.

तशीच हळूहळू गाडी शहापूरच्या गॅरेजला नेली. मेकॅनिकने खालचं कव्हर काढून बघितलं. "आतली पिन झिजलीय, बोल्ट पन सैल झालेत. कल्यानवरनं पिन मागवतो. पयल्यासारखं व्हईल."

गाडी तिथेच ठेवून मी घरी आले. धाकटा दीर वाशिंदच्या कंपनीतून कमी झाला होता, घरी बसून होता. तो म्हणाला, "वहिनी, तुमी नका जाऊ. मी आनतो गाडी."

त्याने आणली. दारात उतरून म्हणाला, "आता नाय हलनार कधी."

मी आत चढून बसले. खिट्टी कापून टाकलेली होती. सांध्यावर वेल्डिंगचा काळा जाड थर होता आणि स्टेअरिंग वर, पार वर. दीर सहा फुटी. मला त्या चाकाच्या वरून रस्ताच दिसेना. चाकाच्या आतून वाकून बघावं लागत होतं.

"पिन बसवायची सोडून वेल्डिंग कुनी सांगितलं?"

"मी सांगितलं. पिन परत झिजली असती."

"आनि मी कशी चालवू?"

तो हसला. "आता मी हाय ना घरी."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो गुडघ्याला तेल चोळत होता. मान वर न करता म्हणाला, "त्याची नोकरी गेलीय. गाडी घरातच हाय ना?"

मी घोंगडी घडी करून बुडाखाली घेतली. रस्ता दिसला, पण पाय पोचेनात. मग एकटी गॅरेजला गेले आणि वेल्डिंग कापून द्या म्हटलं. मेकॅनिक म्हणाला, "आता कापलं तर भरवसा नाय, पुरा दांडाच बदलाया लागंल. आनि ताई, दिराला घेऊन या. उद्या भांडन माज्या दारात नको." पिन मागवतो म्हणाला होता तोच हा माणूस.

दिराने भाजी बंद केली, विटा भरायला लागला. बायांना तो म्हणाला, गाडीला टाइम नाय. त्या परत करंड्या डोक्यावर घेऊन रस्त्याला टेम्पोची वाट बघत उभ्या राहू लागल्या. मी वाशिंदच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. लायसन्सची मुदत संपली, ते पुन्हा काढायला गेलेच नाही.

पुढे कधीतरी जेवताना नवऱ्याने विचारलं, "अजून राग हाय का तुला?"

"हाय," मी म्हटलं.

त्याने भाकरी मोडली आणि कालवणात बुडवली. दीर दिवाळीला वाकून पाया पडतो. वाईट माणूस नाही तो, असं सगळे म्हणतात. मी आशीर्वाद देते, पण तो आशीर्वाद मनापासून कधीच निघत नाही.