बाविसाव्या मजल्यावरचा रस्ता

आमच्या ह्यांनी सदतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लोकांना वाटतं, लिफ्टचं काम म्हणजे बटणं दाबायचं काम. कसलं डोंबलाचं! चौदा मजली ऑफिसची इमारत, सहा लिफ्ट, गच्चीवर उन्हात तापून भट्टी होणारी मशीनरूम आणि तळाशी खड्डा. त्या खड्ड्यात उतरलं की डोक्यावर अख्खी लिफ्ट लटकलेली. हे तिथं बसून डबा खायचे. का, तर म्हणे थंड असतं. शर्टाच्या कॉलरला ग्रीसचा वास, नखांच्या कडा काळ्या. आणि कान असे तिखट, की सुट्टीच्या दुपारी आडवे पडल्या पडल्या आमच्याच इमारतीची लिफ्ट ऐकून म्हणायचे, "तिसऱ्या मजल्यावर दार घासतंय बघ."

आणि मी, ह्यांची बायको, लिफ्टमध्ये पाय ठेवत नव्हते.

हसा हवं तर. आचाऱ्याच्या बायकोनं घरचं न जेवावं, तसली गत. आम्ही राहायला पाचव्या मजल्यावर. माझं पडदे शिवायचं काम. कापडाचे गठ्ठे खांद्यावर टाकून मी पाच जिने चढायचे, वर येऊन धापा टाकायचे आणि कुणी विचारलंच तर म्हणायचे, "पायांना व्यायाम हवा हो." हे खाली लिफ्टचं दार धरून उभे असायचे. मी म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." भीतीला कारण काही नव्हतं. लहानपणी अडकले होते, कुणी बेशुद्ध पडलं होतं, असलं काही असतं तर सांगायला तरी सोपं गेलं असतं. दार बंद झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, एवढंच. लग्नाआधी दोनदा झालं आणि मी कानाला खडा लावला. लिफ्टवाल्याच्या घरात पडले आणि मग तर लाजेनं तोंडच उघडलं नाही. लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

एके दिवशी हे कामावरून आले ते चपला न काढताच आत. कंपनीनं सगळ्या मेकॅनिकना कसल्याशा प्रशिक्षणाला बसवलं होतं आणि तिथं चीनमधल्या एका शहराची फिल्म दाखवली होती. चोंगचिंग. सगळं शहर डोंगरउतारावर, खाली दोन नद्या.

"अगं, तिथं रस्त्यावरून सरळ एका इमारतीत शिरलं ना, की आपण बाविसाव्या मजल्यावर!"

"चढल्याशिवाय?"

"चढल्याशिवाय. मागं रस्ता, पुढं कठडा, आणि कठड्यावरून वाकून पाहिलं की खाली बावीस मजले आणि खाली परत रस्ता."

"मग उतरायचं कसं?"

"तीच तर गंमत! लिफ्टनं."

मी पुढची शिवण घालायला घेतली. ह्यांचा चेहरा मात्र लग्नातसुद्धा इतका फुलला नव्हता. म्हणाले, "जाऊ या का आपण दोघं बघायला?"

मी शिलाई मशीनवरची मान वर न करता म्हणाले, "बघू."

आता बघू म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पोरानं सायकल मागितली की बाप म्हणतो बघू. पाहुण्यानं महिनाभर राहायला बोलावलं की आपण म्हणतो बघू. नाही म्हणायची हिंमत नसली, की त्या नाहीला आपण बघू म्हणतो. पण हा माणूस सरळ. दोन महिन्यांनी बारा दिवसांची रजा मंजूर करवून आला, व्हिसाचे दोन फॉर्म भरून आणले, माझ्या फॉर्मवर माझा फोटोसुद्धा चिकटवलेला.

"हे काय?" मी किंचाळलेच.

"तू म्हणालीस ना, बघू?"

"अहो, बघू म्हणजे... बघू!"

"हो ना. बघायलाच तर जायचंय."

मी हसावं की रडावं! हसलेच, कारण खरं बोलायचं नव्हतं. मग लेकीचं बाळंतपण पुढं केलं. ते खरंच होतं, पण तीन महिने लांब होतं. ह्यांनी रजा रद्द करून घेतली. "पुढच्या वर्षी," म्हणाले.

ते पुढचं वर्ष बारा वर्षं चाललं. एकदा सासूबाईंचं आजारपण, एकदा हॉटेलच्या दोनशे पडद्यांची ऑर्डर, एकदा माझी कंबर. कंबर तर अशी गुणी, की फक्त चोंगचिंगचा विषय निघाला की धरायची. दरवेळी वेळ मारून न्यायची आणि शेवटी म्हणायचं, बघू. हेही मग काही विचारेनासे झाले, पण बेत थांबला नाही. जाड पुठ्ठ्याची एक वही होती, तिच्यात सगळं. उन्हाळ्यात तिथं जाऊ नये, अंगाची काहिली होते. हिवाळ्यात धुकं, नदी दिसत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या देशाला सुट्टी, मुंगी शिरायला जागा नसते. तेव्हा एप्रिल, नाहीतर ऑक्टोबर सरता सरता. पहिल्या दिवशी बाविसाव्या मजल्यावरचा तो चौक. दुसऱ्या दिवशी राहत्या इमारतीच्या पोटातून जाणारी आगगाडी, म्हणजे लोक वर भांडी घासतायत आणि खालून गाडी. तिसऱ्या दिवशी नदीवरचा पाळणा, दोरावरून लोंबकळत पलीकडच्या काठाला. चौथ्या दिवशी शंभर मीटरहून लांब सरकता जिना. तिथली अक्षरंही शिकले, वर, खाली आणि बाहेर. माझ्याच कापडावर माझ्याच खडूनं काढून दाखवायचे. "ही आडवी दांडी. तिच्यावर उभी रेघ असली की वर, तिच्याखाली असली की खाली. सोप्पंय." मी खेकसायचे, "गिऱ्हाइकाचं कापड आहे ते!" आणि झटकून टाकायचे.

ह्यांच्या कामावरचा जोडीदार होता, सगळे त्याला पाना म्हणायचे, कारण खिशात पाना असल्याशिवाय तो लग्नालाही जात नसे. तो मला म्हणायचा, "वहिनी, जाऊन या हो एकदा. इथं कामावर आमचे कान किटले चोंगचिंग ऐकून." मी म्हणायचे, "मग तुम्हीच जा ना त्यांच्याबरोबर." एकदा पानानं तसं खरंच ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तुझ्याबरोबर काय जाऊ? तू लिफ्ट बघशील. मला हिला ते शहर दाखवायचंय." हे पानानंच मला येऊन सांगितलं. मी आत जाऊन उगाच चहा टाकला.

हे रिटायर झाले, तेव्हा म्हणाले, "आता रजेची भानगड नाही." मी म्हणाले, "जरा दम तर खा, मग बघू." दम त्यांनी खाल्ला, पण भलताच. सहाच महिन्यांनी, जुन्या इमारतीत काही अडलं म्हणून पानानं बोलावलं, हे मशीनरूमचा शेवटचा लोखंडी जिना चढले आणि वरच्या पायरीवर बसले ते उठेनात. हृदयाचा झटका होता. जीव वाचला, पण हृदय कमजोर झालं. डॉक्टर म्हणाले, दोन पायऱ्यांवर तिसरी चढायची नाही आणि लांबचा विमानप्रवास तर मनातसुद्धा आणायचा नाही.

हॉस्पिटलात वॉर्ड सातव्या मजल्यावर. मी अकरा दिवस डबा घेऊन सात जिने चढले. घरी सोडलं त्या दिवशी ह्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टमध्ये नेलं. नर्स म्हणाली, "काकू, या ना, जागा आहे." मी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." दार बंद होता होता हे माझ्याकडे बघत होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर माझं मन मला खाऊ लागलं. चोराच्या मनात चांदणं. आठवडाभरानं ह्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही बरे व्हा. आपण जाऊ या चोंगचिंगला. दुसऱ्या डॉक्टरांना विचारू. यंदाच एप्रिलात जाऊ."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले जरासे. म्हणाले, "बघू."

बारा वर्षं मी हा शब्द ह्यांच्या पुढ्यात टाकत होते. तो कसा लागतो, ते मला त्या दिवशी कळलं.

तरी मी चिवट. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, तसा मी झोपा करायला निघाले. म्हटलं, वही काढून समोर ठेवते, म्हणजे ह्यांना हुरूप येईल. तोपर्यंत मी ती कधी हातातही घेतली नव्हती. उघडली आणि वाचत गेले. पहिली काही पानं मला ऐकून पाठ होती. पुढं मात्र बेत बदललेला. चौकातून खाली जाण्यापुढं लिफ्ट लिहिलेलं, ते खोडून त्याखाली: "मागच्या अंगाला दगडी जिना आहे. उतरायला अर्धा तास. मध्ये दोनदा बसणे." नदीचा पाळणा खोडलेला, कारण त्याच्या स्टेशनात लिफ्ट, त्याऐवजी पूल, चालत. हॉटेल दुसऱ्या मजल्याच्या वर नको. एका ठिकाणी: "इथं चढ फार. हिला सकाळीच न्यावं. सावलीत बाक आहे." पानंच्या पानं तसली. लिफ्ट बघायला निघालेल्या माणसानं त्या शहरातली एक एक लिफ्ट खोडून काढली होती.

मी वही घेऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"मला भीती वाटते ते. लिफ्टची." चौतीस वर्षांच्या संसारात ते वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं.

"लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं," हे म्हणाले. "माझं कामच आहे ते. लिफ्टपुढं कोण कसं उभं राहतं, ते मला दिसतं."

"मग बोलला का नाहीत? चौतीस वर्षं मूग गिळून बसलात!"

ह्यांनी मला समोर बसायला सांगितलं. हळूहळू बोलत होते, मध्ये मध्ये दम घेत.

"लिफ्ट मधेच अडकते ना, तेव्हा आम्ही दार उघडतो. मजला अर्धा वर असतो. आतला माणूस मागच्या भिंतीला चिकटलेला. त्याला ओढायचं नसतं. ओढलं की तो धडपडतो, पाय अडकतो, भलतंच होतं. आपण बाहेर बसायचं आणि बोलत राहायचं. तो स्वतः हात पुढं करतो. मग धरायचा."

"किती वेळ लागतो?"

"कुणाला पाच मिनिटं. कुणाला तासभर." मग म्हणाले, "तुझं जरा जास्तच झालं."

मी रडायला लागले. हे म्हणाले, "चूक माझीही आहे. तू काही अनोळखी माणूस नव्हतीस. तुला ओढायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

"काय करायचंय? आठ दिवसांत बसवलं असतं तुला लिफ्टमध्ये. किती जणांना बसवलंय."

आठ दिवस! मला वाटलं, माझं मन राखायला म्हणतायत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, गर्दी सरल्यावर, हे मला घेऊन पाचव्या मजल्यावरच्या लिफ्टपाशी गेले. तिथं खुर्ची टाकून बसले, कारण उभं राहवत नव्हतं. पहिल्या दिवशी दार उघडं ठेवून मी आत नुसती उभी राहिले आणि हे बाहेरून वरचा दोर कसा धरतो, एक तुटला तरी बाकीचे कसे धरतात, ते सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी दार लागलं आणि लगेच उघडलं. मी घामानं चिंब. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं एक मजला उतरलो. माझी नखं ह्यांच्या मनगटात रुतली होती, हे म्हणाले, "सावकाश, हृदयाचा पेशंट आहे मी." चौथ्या दिवशी तळापर्यंत. पाचव्या दिवशी डोळे उघडे ठेवून. सहाव्या दिवशी ह्यांना खाली खुर्चीवर बसवलं, मी जिन्यानं वर गेले आणि एकटी लिफ्टनं उतरले. दार उघडलं, समोर हे. माझी छाती धडधडत होती, पण मी उभी होते.

हे टाळ्या वाजवतील असं वाटलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "आरामात फिरली असतीस गं तू तिथं." आणि नजर दुसरीकडे वळवली.

त्यानंतर हे दहा महिने होते. चोंगचिंगचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. वही त्यांनी पानाला दिली. पाना आणि त्याची बायको एप्रिलात जाऊनही आले.

हे जाऊन आता दोन वर्षं झाली. मी रोज लिफ्टनं जाते-येते, कापडाचे गठ्ठे आता खांद्यावरून न्यावे लागत नाहीत. शेजारीण म्हणते, "बरं केलंत बाई, ह्या वयात जिने कशाला?" मी हो म्हणते आणि बटण दाबते. छातीवर आता कुणी बसत नाही. एकदा जरी कुणी बसलं असतं, तरी मला बरं वाटलं असतं, म्हणजे भीती खरंच मोठी होती, असं तरी म्हणता आलं असतं. सहा दिवसांचं काम होतं.