तळटिपेतली रिकामी ओळ

श्रीपती गेल्याचं मला गिरणीत कळलं. माधवनगरच्या गिरणीत मी हिशेबखात्यात आहे. जेवणाची सुट्टी संपत आली होती, तेव्हा फाटकावरचा पहारेकरी सांगत आला, "तुमच्या शेजारचे सर कॉलेजात पडल्याती, लगोलग बोलावलंय." मी सांगलीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. फळ्याकडे वळताना कोसळले, असं वर्गातली मुलं म्हणाली. शिपाई म्हणाला, वळायच्या आधीच खुर्ची धरून खाली बसले. मी तिथे नव्हतो, म्हणून दोघांचंही म्हणणं लिहिलं आहे. कोण काय म्हणालं ते त्याच्या नावावर ठेवायचं, ही सवय मला श्रीपतीनंच लावली.

तो इस्लामपूरकडचा. घरचा ऊस, दोन भाऊ पलटणीत, आणि हा एकटा मराठीचा प्राध्यापक होऊन आमच्या शेजारी राहायला आला. कुठलीही गोष्ट सांगताना ती कुणाकडून ऐकली हे तो आधी सांगायचा. विनोदसुद्धा. "हा आष्ट्याच्या न्हाव्याचा हाय, माझा न्हवं," असं म्हणून मग विनोद, आणि तोवर ऐकणारा कंटाळलेला. त्याची बायको, आमच्या शालिनीवहिनी, त्याला छेडायच्या, "आमटीत मीठ कमी आहे म्हणताय, पण कुणाच्या आधारानं?" तो शांतपणे म्हणायचा, "जिभेच्या. मूळ साधन हाय ते."

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर त्यानं पीएच.डी.साठी वाळवा तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. सुट्टी लागली की सायकल काढून गावोगाव जायचा. त्या काळी अशा ओव्यांखाली 'पारंपरिक' एवढं लिहून लोक मोकळे होत. श्रीपतीला त्याचा राग यायचा. "पारंपरिक म्हंजे काय रं गड्या? कुण्या तरी बाईनंच म्हटली की न्हाई? तिला नाव हाय की!" म्हणून प्रत्येक ओवीला तो आकडा घालायचा आणि पानाच्या तळाशी गाणारीचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव लिहायचा. टंकलेली पानं तपासायला मी बसायचो. तो वरचा आकडा वाचायचा, मी खालची टीप. आकड्यांचं काम म्हणून मला ते आवडायचं. त्या नावांमागे जिवंत बायका आहेत, हे मात्र आम्हा दोघांच्याही तेव्हा नीट ध्यानात आलं नव्हतं.

त्यातल्या काही ओव्या कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आल्या. एकीत दिराच्या काठीबद्दल तक्रार होती. ती ओवी मी इथे देत नाही. तिच्याखाली, नियमाप्रमाणे, म्हणणारीचं सासरचं नाव, नवऱ्याचं नाव आणि गाव. त्या गावचा एक विद्यार्थी आमच्याच कॉलेजात होता. आपल्या गावचं नाव छापून आलं म्हणून तो कौतुकानं अंक घरी घेऊन गेला आणि पारावर कुणीतरी तो मोठ्यानं वाचला. दीर तिथेच बसला होता... त्याआधी त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, असं तिचा भाऊ आम्हाला नंतर म्हणाला. त्या संध्याकाळी उगारला. उजवा हात मोडला. मोडलेल्या हाताला फळ्या बांधून तिला साताऱ्याकडच्या माहेरी पोचवली आणि पुन्हा कुणी न्यायला आलं नाही. लेकरं सासरीच राहिली.

हे कळल्यावर श्रीपती आधी तिच्या सासरी गेला. दाराबाहेरूनच त्याला हाकलून दिलं. मग तिच्या माहेरी गेलो, तेव्हा मी बरोबर होतो. भावानं पाणी दिलं, बसा म्हणाला नाही. "सर, तुमी शिकल्या-सवरल्याली मानसं. नाव छापायच्या आदी येकदा इचारायचं तरी."

आतून तिचाच आवाज आला, "आवं, म्या सांगितलं व्हतं की तुमास्नी. ही आईची ओवी हाय, माजी न्हाई. मंग माजं नाव का घातलं?"

श्रीपती उभाच होता. त्यानं दाराकडे तोंड करून विचारलं, "आईचं नाव काय?"

"ते नगं. आई हाय अजून. आन् तिचा दीर बी हाय." आणखी काही विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही.

येताना एस.टी.त कराडला त्याला खिडकीची जागा मिळाली. मग म्हणाला, "ती सांगत होती, मी ऐकलं पण होतं. पण म्हणणारीचं नाव द्यायचं, असं मीच ठरवलेलं. बोट तिनं दाखवलं आईकडं, आणि मी नाव लिहिलं तिचं." पुढे खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आधार चुकला गड्या. आईची ओवी लेकीच्या अंगावर खरी झाली."

त्यानंतर त्यानं सगळी गावं पुन्हा पालथी घातली. प्रत्येक बाईला दोन प्रश्न विचारले : ओवी कुणाकडून आली, आणि नाव लिहू का. बऱ्याच जणी हसून हो म्हणाल्या, काहींनी नको म्हटलं. त्यांच्या टिपेत त्यानं गाव आणि 'नाव न देण्याची विनंती' एवढंच लिहिलं. या एका ओवीखाली मात्र तेही लिहिलं नाही. आकडा घातला आणि पुढे एक ओळ कोरी सोडली.

परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. बाकीच्यांना निदान गाव तरी आहे, इथे काहीच नाही. नाव नाही म्हणजे आधार नाही, आणि आधार नाही म्हणजे ओवी संशोधकानंच रचलेली नाही कशावरून? टीप पूर्ण करा, नाहीतर ओवी काढून प्रबंध पुन्हा सादर करा. तसं पाहिलं तर त्यांचं चुकलं नव्हतं. हिशेबात बिनपावतीची रक्कम मीही धरत नाही. मी त्याला म्हणालो, "काढून टाक. एका ओवीनं प्रबंध अडत नाही."

"काढतो की," तो म्हणाला. "मग तिचा हात कशासाठी मोडला, ते पण तूच सांग."

त्यानं ओवी काढली नाही, प्रबंधही पुन्हा सादर केला नाही. त्याच्या मागून आलेले दोघे डॉक्टर झाले, विभागप्रमुखही झाले. तो त्यांच्या हाताखाली त्याच वर्गांना शिकवत राहिला. ओव्या गोळा करणं थांबलं. सायकल गंजली ती गंजलीच. वहिनींनी त्याला एकदाच विचारलं, त्या बाईला काही मदत पाठवायची का. तो म्हणाला, "ती घेणार न्हाई. आणि घेतली तर मला झोप लागंल, ते नगं."

त्याला जाऊन तीन आठवडे झाले असतील, एका रविवारी सकाळी वहिनींनी मला हाक मारली. दारात एक बाई उभी होती. उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नव्हता. भावानं पेपरात बातमी वाचून सांगितल्याचं ती म्हणाली. वहिनींनी चहा दिला तो तिनं डाव्या हातानं घेतला आणि कप खाली ठेवल्यावर म्हणाली, "आई गेली औंदा. तिचा दीर तिच्या आदीच गेला. आता लिवा नाव. सरांस्नी सांगायला यायचंच व्हतं मला... आज येते, उद्या येते, करत ऱ्हायलं."

वहिनी आत जाऊन प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन आल्या. मला पान शोधावं लागलं नाही. प्रत आपोआप तिथेच उघडली. वर आकडा होता, खाली तोच आकडा, आणि पुढे कोरा कागद. वाचता येत नसलं तरी तिला ती जागा कळली. तिनं त्यावर बोट ठेवलं. "येवडी जागा ठिवली व्हती व्हय आईसाठनं?"

मी पेन उघडलं. तिनं आईचं नाव सांगितलं, माहेरचं. गाव सांगितलं. मी सावकाश लिहिलं, शाई वाळू दिली. श्रीपती असता तर पुढे काय विचारलं असतं हे मला माहीत होतं, म्हणून मी विचारलं, "आईनं कुणाकडून ऐकली होती?"

तिनं रिकामा कप बाजूला सारला. "ते तिला कवा इचारलंच न्हाई वो."

मग त्याचा दुसरा प्रश्नही विचारला. मी सरांवर पेपरात लिहिणार आहे, त्यात हे नाव घालू का? तिनं पदर सावरला आणि नकारार्थी मान हलवली. "हितं ऱ्हाऊ द्या. सरांच्या कागदावर. पेपरात नगं."

म्हणून ते नाव इथे दिलेलं नाही.